चाकांवरचे घर आणि सभासदत्वाची किल्ली

प्रवासाला निघावयाचे म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीत वळकटी बांधली जाई, फिरकीचा तांब्या भरला जाई आणि दशम्यांचा डबा पिशवीत जाई. घराचा थोडासा अंश बरोबर घेतल्यावाचून पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. ब्रिटनमधील हौशी प्रवाशांनी हीच वृत्ती पुढे नेऊन सबंध घरच चाकांवर चढविले. मोटारीमागे जोडावयाच्या या फिरत्या घराला तेथे कॅरॅव्हॅन म्हणतात.

या छंदाचा आरंभ घोड्यांच्या काळातला आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल-डॉक्टरांनी १८८५ साली ‘वॉन्डरर’ नावाची गाडी खास सहलीसाठी बांधवून घेतली आणि दोन घोडे जुंपून सुमारे १,३०० मैलांचा प्रवास केला. पुढे १९०७ साली अशा प्रवाशांनी कॅरॅव्हॅन क्लब स्थापन केला. २०१७ पासून त्याचे नाव ‘कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब’ असे आहे. दुसरी मोठी संस्था ‘कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब’. तिचे मूळ त्याहूनही जुने, म्हणजे १९०१ मधले. टॉमस होल्डिंग या शिंप्याने सायकलीवर तंबू लादून भटकणाऱ्या मंडळींना त्या वर्षी एकत्र आणले.

आता प्रश्न असा की, गाडी आपली, रस्ते सर्वांचे, मग वर्गणी भरून क्लबाचे सभासद कशासाठी व्हावयाचे? त्याचे उत्तर तेथील कायद्यात आहे. १९६० च्या कायद्यान्वये कॅरॅव्हॅनचा तळ चालविणाऱ्यास सामान्यतः स्थानिक प्राधिकरणाचा परवाना लागतो. तथापि मान्यताप्राप्त क्लबांना एक सवलत आहे. एखाद्या शेतकऱ्याच्या जागेला क्लबाने प्रमाणपत्र दिले, तर तेथे क्लबाच्या सभासदांच्या पाच कॅरॅव्हॅनपर्यंत मुक्काम करता येतो. बागेच्या कडेला, गोठ्यापलीकडच्या कुरणात, ओढ्याकाठी असे छोटे तळ देशभर विखुरलेले आहेत. त्यांचे फाटक सभासदांनाच उघडते. याउलट दोन्ही क्लबांच्या बऱ्याच मोठ्या तळांवर बिगर-सभासदांनाही जादा आकार देऊन उतरता येते. म्हणून ज्याला शांत कुरण हवे, त्याला सभासदत्व जवळजवळ अनिवार्यच आहे. आणि जो वर्षातून एकदाच मोठ्या तळावर उतरणार, त्याने आधी हिशेब करावा.

हा हिशेब कठीण नाही. समजा, वर्षाची वर्गणी साठ पौंड आहे आणि सभासदाला प्रत्येक रात्री बारा पौंड कमी द्यावे लागतात. मग पाच रात्रींत वर्गणी वसूल होते व सहाव्या रात्रीपासून लाभ सुरू होतो. आकडे प्रत्येकाने त्या वर्षीच्या दरपत्रकावरून घालावेत. परंतु रात्री मोजताना उत्साहाने नव्हे, रजेचा कागद समोर ठेवून मोजाव्यात. पुष्कळांचे पैसे वाया जातात ते येथेच.

दोन क्लबांपैकी कोणता निवडावा? तंबूपासून ज्यांची सुरुवात होणार, त्यांना दुसऱ्या क्लबाची परंपरा अधिक जवळची वाटेल, कारण तंबू हेच त्याचे मूळ. कॅरॅव्हॅन किंवा मोटरहोम घेऊनच निघणाऱ्यांनी दोहोंची तुलना करावी. एक सोपी कसोटी सांगतो. नकाशावर आपल्या घराभोवती दोन तासांच्या वाटेचे वर्तुळ काढावे आणि कोणत्या क्लबाचे किती तळ त्यात पडतात ते मोजावे. दूरच्या स्कॉटलंडमधील सुंदर तळापेक्षा शनिवारी सकाळी सहज गाठता येणारा तळच वर्षभर उपयोगी पडतो. त्यानंतर विजेची जोडणी, स्नानगृह, मुलांना खेळावयास जागा यांपैकी काय आवश्यक आहे ते ठरवावे. छोट्या तळांवर पुष्कळदा पिण्याच्या पाण्याचा नळ आणि मैला टाकण्याची सोय एवढेच असते. संगतीची आवड असणाऱ्यांसाठी दोन्ही क्लबांच्या स्थानिक शाखा मेळावे भरवितात. शाळेच्या सुटीत उत्तम जागा फार आधी भरून जातात, हेही ध्यानात ठेवावे.

शक्य तर पहिल्या वर्षी गाडी विकत न घेता भाड्याने घ्यावी. मोटारीमागे घर ओढणे ही निराळी विद्या आहे. दुपदरी साध्या रस्त्यावर तेथे ताशी ५० मैलांची आणि मोटरवेवर ६० मैलांची मर्यादा आहे. सामान मागच्या टोकाला कोंबले तर गाडी वेगात झोके घेऊ लागते. म्हणून जड वस्तू चाकाच्या आसाजवळ, खाली ठेवतात. अशा गतीने एका दिवसात फार मोठा पल्ला गाठू पाहणारा संध्याकाळी थकून उतरतो, आणि ज्या विश्रांतीसाठी निघाला तीच हरवून बसतो.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांना हा विचार विशेष महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात भारतातून आईवडील येतात. त्यांना रोज नवे हॉटेल, परके जेवण आणि जिने सोसत नाहीत. मुलाची रजा मोजकी, आणि पुढच्या वर्षी गुडघे साथ देतील याची खात्री नसते. अशा वेळी एकाच कुरणात चार दिवस मुक्काम, स्वतःच्या चुलीवरचा वरणभात आणि सकाळी दारात खुर्ची टाकून घेतलेला चहा यांचे मोल दहा स्थळे पाहण्याहून अधिक असते. मात्र गाडीत निजावयाच्या जागा किती आणि पाहुण्यांविषयी क्लबाचा नियम काय, हे वर्गणी भरण्यापूर्वीच पाहावे. जागा अपुरी असेल तर घरातील वडीलधारेच संकोचून गैरसोय सोसतात, आणि त्याविषयी बोलत नाहीत.

आपल्याकडेही या प्रवासाची चाहूल लागली आहे. महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. शेतकऱ्याच्या बांधावर पाच गाड्यांना विश्वासाने जागा देणारी व्यवस्था येथे कशी रुजेल, याचा विचार व्हावयास हवा. तोवर ज्यांना तिकडे हा योग येईल त्यांनी वर्गणीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी घरातील सर्वांना एकत्र बसवून एकच प्रश्न विचारावा : आपल्याला पाहावयाचे आहे किती, आणि बसावयाचे आहे किती? आईला आधी बोलू द्यावे.