तेलाची काच काय सांगते?

वैद्य नाडी धरण्याआधी रोग्याची जीभ पाहतो. मोटारसायकलच्या इंजिनालाही अशी एक जीभ असते. इंजिनाच्या खालच्या अंगाला रुपयाएवढी गोल काच बसवलेली असते. रॉयल एनफील्डच्या ३५० सी. सी. गाड्यांना ती उजव्या हाताला दिसते. काही गाड्यांना काचेऐवजी तेल मोजण्याची पट्टी असते. ज्यांच्या गाडीला काच आहे, त्यांनी आठवड्यातून एकदा तरी तिच्याकडे डोळे भरून पाहावे. खेड्यात दुधाच्या किटल्या, शाळेची वाट, बाजारहाट, सारे या फटफटीवरच चालते. ती घाटात अडकून बसली तर नुसती गाडी अडत नाही, घर अडते.

आता काच पाहायची कशी? गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन तीन-चार मिनिटे चालू ठेवून बंद करा, आणि तेल खाली उतरायला तेवढाच वेळ द्या. मग गाडी अगदी सरळ धरून पाहा. तेल वरच्या व खालच्या खुणेच्या मध्ये हवे. बाजूच्या स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि उजवीकडची काच रिकामी दिसते. ती पाहून पुष्कळजण उगाच तेल ओततात. तेल कमी असणे जसे वाईट, तसे जास्त असणेही वाईटच. जास्तीचे तेल घुसळून फेसाळते आणि हवेच्या नळीतून बाहेर येऊ लागते.

समजा, काच मळकट दिसली. मग पहिला प्रश्न हा, की रंग काचेचा की तेलाचा? बाहेरून काच फडक्याने स्वच्छ पुसा. मग गाडी बाजूच्या स्टँडवर थोडा वेळ ठेवा, म्हणजे तेल काचेपासून दूर जाईल. तरीही पिवळट-तपकिरी डाग तसाच राहिला, तर तो काचेच्या आतल्या बाजूस बसलेला थर होय. तापलेल्या जुन्या तेलाचा असा थर वर्षानुवर्षे चढत जातो. त्याने इंजिन बिघडत नाही, फक्त आपली नजर बिघडते. पण तेल सरकल्यावर काच निवळली, तर रंग तेलाचाच समजा. मग ओतायच्या झाकणातून काडीने एक थेंब काढून टिपकागदावर किंवा पांढऱ्या फडक्यावर टाका.

थेंब मधासारखा असेल तर तेल नवे आहे. काळा असेल तर घाबरू नका. पेट्रोल जळताना होणारी काजळी आणि क्लचच्या पट्ट्यांची झीज तेल आपल्या पोटात घेते. ती धरून ठेवण्याची द्रव्ये तेलात मुद्दाम घातलेली असतात. तेल काळे झाले म्हणजे ते आपले काम करीत आहे. बदलायचे केव्हा, हे रंगावरून नव्हे, तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटर व महिन्यांवरून ठरवावे.

खरी काळजी करायची ती ताकासारख्या पांढुरक्या तेलाची. तो पाण्याचा रंग! हे पाणी येते कोठून? शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना सांगण्याजोगी एक गोष्ट येथे आहे. एक लिटर पेट्रोल जळले, की वाफेच्या रूपाने साधारण एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक धुराड्यातून निघून जाते, थोडी वाफ मात्र इंजिनात उतरते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालली, तर इंजिन पुरते तापत नाही. ती वाफ थंड झाकणावर आणि काचेवर घाम धरावा तशी जमते, तेलात मिसळते. थंडी-पावसाळ्यात हे अधिक होते. अशा वेळी वीस-पंचवीस किलोमीटरची एक सलग फेरी मारा. तेल तापून पाणी उडाले व काच निवळली, तर चिंता मिटली.

निवळली नाही तर पुढे शोधा. गाडीला पाण्याची टाकी असेल आणि तिच्यातले पाणी घटत असेल, तर गॅस्केट किंवा पंपाचे सील गेले असावे. अशी गाडी चालवू नका, मिस्त्रीकडे ढकलत न्या. टाकी नसलेल्या गाडीत हे पाणी बाहेरून आलेले असू शकते. ओढ्यातून गाडी घातली किंवा जोराच्या फवाऱ्याने धुतली, तर ते आत शिरू शकते.

गाडी पुरात बुडाली असेल, तर किक मुळीच मारू नका. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे किती वाहने पाण्याखाली गेली, ते आपण पाहिलेच. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवले, तर पिस्टनचा दांडा वाकतो. आधी प्लग काढावा, तेल काढून टाकावे. नवे तेल घालून थोडा वेळ चालवावे आणि तेही बदलावे.

आणखी दोन खुणा ध्यानात ठेवा. न घालता तेल वाढले, पातळ झाले, पेट्रोलचा वास आला, तर जुन्या गाडीत कार्ब्युरेटर गळत असतो. थेंबात चकाकणारे कण दिसले, तर चुंबक फिरवा. कण चिकटले तर पोलादाची झीज, न चिकटले तर बहुधा ॲल्युमिनियमची. नव्या गाडीच्या पहिल्या तेलात थोडी चमक चालते, जुन्या गाडीत ती इंजिन उघडायची सूचना आहे.

शेवटी एवढेच सांगणे, की काढलेले तेल विहिरीजवळ, शेतात वा गटारात ओतू नका. ते अंगाला लागणेही बरे नव्हे, हात साबणाने धुवा. झाकणाच्या डब्यात भरून ते गॅरेजवाल्याकडे द्या.