पहिली सर जास्त धोक्याची
कोकणात सागरी महामार्गाने दुचाकीवर निघताना धास्ती मुसळधार पावसापेक्षा पहिल्या सरीची धरावी. उन्हाळाभर डांबरावर साचलेलं तेल आणि धूळ तिच्यात कालवली जाते आणि टायरखाली निसरडा थर तयार होतो; जोराचा पाऊस तो निदान धुऊन तरी काढतो. जांभ्याची तांबडी माती मात्र उतारावरून पुन्हा पुन्हा ऐन वळणावर येऊन बसते. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे, मग भीती कसली, असं कोणी म्हणेल. एबीएस चाक जाम होऊ देत नाही हे खरं, पण रस्त्यावर नसलेली पकड ते कुठून आणणार? म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच उतरवावा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी उतरणीवर तर पुढचा ब्रेक जोरात दाबूच नये.