मोटर बदलण्यापूर्वी

दहा-बारा वर्षे वापरलेल्या मोटारीची काच बटण दाबूनही रेंगाळत चढू लागली, की पुष्कळदा एकच सल्ला मिळतो : मोटर बदला. हा खर्च अनेकदा अनाठायी असतो. तथापि दुरुस्ती लांबवणेही परवडत नाही. पावसाळ्यात काच अर्ध्यावर अडकली आणि मागच्या आसनावरील कापडाचे गठ्ठे भिजले, तर नुकसान मोटरच्या किमतीहून मोठे होते.

सगळ्याच काचा मंदावल्या असतील, तर बॅटरी व मुख्य वीजजोडणी तपासावी. शेजारच्या दाराची काच तिथल्या बटणाने चपळ आणि चालकाच्या बटणाने सुस्त चालत असेल, तर दोष चालकाच्या बटणात.

एरवी अपराधी बहुधा काच जिच्यातून सरकते ती रबरी खाच. धुळीने भरून आणि उन्हाने कडक होऊन ती काचेला आवळते. ओल्या फडक्याने खाच आतून पुसावी, वाळू द्यावी, मग सिलिकॉन स्प्रे मारावा. हाताशी आहे म्हणून यंत्राचे तेल किंवा ग्रीस तेथे घालणे सर्वथा अयोग्य. त्याने रबर फुगते, धूळही चिकटते.

एवढ्यानेही भागले नाही, तर इंजिन सुरू ठेवून, काच चालू असतानाच मोटरच्या जोडणीपाशी मल्टिमीटर लावावा. बॅटरीपाशी सुमारे १४ व्होल्ट आणि मोटरपाशी जेमतेम १० भरले, तर दाब वाटेत घटतो आहे. दाराच्या बिजागरीजवळ वाकून वाकून तुटत आलेली तार आधी पाहावी. दाब पुरेसा असेल, तरच काच उचलणारी यंत्रणा आणि मोटर यांच्याकडे वळावे.