अर्धायुष्य आणि अंतर

कर्करोगावरील नव्या उपचाराचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न किमतीचा विचारला जातो. तो रास्तच आहे. परंतु काही उपचारांच्या बाबतीत किमतीइतकाच अंतराचा प्रश्नही निर्णायक ठरतो. पेप्टाइडच्या साह्याने गाठ शोधून तिच्यावरच किरणोत्सार पोहोचवणारी पद्धती हे त्याचे ठळक उदाहरण होय.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. सोमॅटोस्टॅटिन हे १४ अमिनो आम्लांचे संप्रेरक शास्त्रज्ञ गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेने १९७३ मध्ये वेगळे केले. न्यूरोएंडोक्राइन या प्रकारच्या बहुतेक गाठींच्या पेशींवर या संप्रेरकाला पकडून ठेवणारे ग्राही मोठ्या संख्येने असतात. त्याच्यासारखीच, पण ८ अमिनो आम्लांची अधिक टिकाऊ साखळी तयार करून तिला किरणोत्सारी अणू जोडला की तो नेमका गाठीपाशी जाऊन बसतो. जोडलेला अणू गॅलियम-६८ असेल तर पेट तपासणीत गाठ दिसते. ल्युटेशियम-१७७ असेल तर तिच्यावर मारा होतो. या माऱ्याचा पल्ला जेमतेम २ मिलिमीटर असल्याने भोवतालच्या निरोगी पेशींना त्याची झळ कमी लागते.

हा उपचार रोग समूळ नाहीसा करतोच असे नाही. तथापि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२९ रुग्णांच्या चाचणीत २० महिन्यांनंतर रोग न बळावलेल्यांचे प्रमाण या उपचाराने ६५.२ टक्के, तर तुलनेच्या गटात अवघे १०.८ टक्के होते. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाल्यावर एका मात्रेची जाहीर किंमत ४७,५०० डॉलर होती. आणि मात्रा चार घ्याव्या लागतात.

महाराष्ट्राची स्थिती याहून वेगळी आहे. ल्युटेशियम-१७७ तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होते. परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात १९६३ पासून असलेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हा उपचार दिला जातो. म्हणजे ज्ञान आपले, अणुभट्टी सार्वजनिक पैशातून उभारलेली. मग अडते कोठे?

अडते ते पुलगाव आणि परळ यांच्यामधील सातशेहून अधिक किलोमीटरांत. चार मात्रा साधारणतः आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने द्यावयाच्या असतात. तपासण्या धरता पाच-सहा फेऱ्या होतात, आणि रुग्ण एकटा जात नाही. ऐन कापूस वेचणीत दोन माणसांची मजुरी बुडते, मुंबईत राहण्याचा खर्च चढतो. रुग्णालयाच्या पावतीवर यातील एक पैसाही दिसत नाही. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने तोही उपचाराचाच खर्च आहे. दुसरी किंवा तिसरी मात्रा चुकवण्याची पाळी कुटुंबावर येते ती बहुधा याच न दिसणाऱ्या खर्चामुळे.

येथे भौतिकशास्त्र आपल्या मदतीला येते. ल्युटेशियमचे अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून अधिक असल्याने मुंबईहून निघालेल्या मात्रेचा सुमारे ९० टक्के जोर दुसऱ्या दिवशीही शिल्लक असतो. गॅलियमचे अर्धायुष्य मात्र अवघे ६८ मिनिटांचे. रेल्वेच्या बारा तासांच्या प्रवासात त्याचा हजारावा भागही उरणार नाही. पण त्यालाही तोड आहे. जर्मेनियम-६८ या २७१ दिवसांच्या अर्धायुष्याच्या मूलद्रव्यापासून गॅलियम मिळवणारा जनित्रसंच रुग्णालयातच ठेवता येतो. दारची गाय रोज दुभावी, तसे गॅलियम त्यातून काढून घेता येते. तात्पर्य, औषध रुग्णाकडे येऊ शकत असता आपण रुग्णालाच औषधाकडे धाडत आहोत.

इतक्या विरळ रोगासाठी एवढा खर्च कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला उत्तर आहे. खरा भांडवली खर्च औषधाचा नसून किरणोत्सार रोखणाऱ्या स्वतंत्र कक्षाचा, सांडपाण्याच्या टाक्यांचा आणि प्रशिक्षित माणसांचा आहे. थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीन देण्यासाठी तोच कक्ष लागतो. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेला, पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील ल्युटेशियमचा उपचारही तेथेच देता येतो. स्थिर खर्च तीन रोगांत वाटला गेला की दर रुग्णामागे तो पुष्कळ उतरतो.

म्हणून विदर्भासाठी शासनाने तीन गोष्टी कराव्यात. नागपूरच्या सार्वजनिक रुग्णालयांत अशा कक्षांची आणि खाटांची संख्या गरजेइतकी वाढवावी. रुग्णाचा व सोबत्याचा प्रवास हा उपचाराचाच भाग मानून त्याची तरतूद करावी. आणि तालुक्याच्या डॉक्टरांना या रोगाची ओळख करून द्यावी. कारण वारंवार होणारे जुलाब आणि चेहऱ्यावर उसळणारी लाली ही लक्षणे पोटाची तक्रार म्हणून वर्षानुवर्षे दुर्लक्षिली जाऊ शकतात.

अणुभट्टी सर्व जनतेच्या पैशातून उभी राहिली आहे. तिच्यातून निघणारा किरण दादर ओलांडून वर्धा नदीच्या काठापर्यंत पोहोचला पाहिजे, ही मागणी दयेची नव्हे, वाट्याची आहे.