रोधाविना वीज

कर्जत तालुक्यातील कळंब गावी उभे राहून पूर्वेकडे पाहिले, तर सह्याद्रीचा उंच तट नजरेत भरतो. पावसाळ्यात या तटावर मुसळधार पाऊस पडतो. लोणावळ्याजवळ घाटमाथ्यावर तलाव बांधून ते पाणी अडवावे, मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस आणावे आणि त्याच्या जोरावर चक्रे फिरवून वीज निर्माण करावी, ही कल्पना टाटांच्या कंपनीने प्रत्यक्षात उतरविली. १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले व तेथील विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातच भिवपुरीचे वीजगृह उभे राहिले.

खोपोलीपासून मुंबई सुमारे ७० किलोमीटर दूर. एवढ्या वाटेवर विजेची थोडी गळती होते. तार फुटलेली नसते, की कोणी वीज चोरलेली नसते. तारच ती खाते! विद्युत्प्रवाह म्हणजे धातूतील इलेक्ट्रॉन नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा ओघ. हे कण धावताना धातूतील थरथरणाऱ्या अणूंमुळे अडखळतात, आपली ऊर्जा त्यांना देतात आणि तार तापते. या अडथळ्याला रोध म्हणतात. विजेच्या शेगडीत हा रोध आपल्याला हवाच असतो. वाहून नेणाऱ्या तारेत मात्र तो निव्वळ तोटा होय. यावर अभियंत्यांनी एक युक्ती योजिली. विजेचा दाब पुष्कळ वाढविला, तर तेवढीच शक्ती थोड्या प्रवाहात नेता येते. आणि प्रवाह निम्मा झाला की तारेतील उष्णता चौथ्या हिश्शावर येते. म्हणूनच त्या उंच मनोऱ्यांवरून लक्षावधी व्होल्ट दाबाची वीज धावत असते. तरीही गळती थांबत नाही, केवळ कमी होते.

मग रोधच नसलेला पदार्थ सृष्टीत आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर १९११ साली हॉलंडमधील लायडेन या गावी अवचित मिळाले. कामरलिंग ओनस नावाच्या शास्त्रज्ञाने तीन वर्षांपूर्वी हेलियम वायूचा द्रव केला होता. शून्याखाली २७३ अंश सेल्सिअस ही थंडीची अखेरची मर्यादा. तिच्याहून अधिक थंड काही असूच शकत नाही. तेथूनच अंश मोजावयास प्रारंभ केला, तर त्या मापनाला केल्व्हिन मापन म्हणतात. हेलियमचा द्रव या मापनात अवघ्या ४ अंशांच्या आसपास असतो. त्यात पारा गोठवून ओनस यांनी त्याचा रोध मोजविला. ४.२ अंशांशी येताच तो एकाएकी नाहीसा झाला! अशा पदार्थांना अतिसंवाहक हे नाव मिळाले. अतिसंवाहकाच्या कड्यात एकदा सुरू केलेला प्रवाह, त्याला कोणी पुढे ढकलीत नसतानाही, दोन वर्षांहून अधिक काळ फिरत राहिल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे.

येथे एक मौज ध्यानात घेण्यासारखी आहे. चांदी आणि तांबे हे विजेचे उत्तम वाहक. पण कितीही थंड केले तरी ते अतिसंवाहक झालेले आढळले नाहीत. उलट, वाहक म्हणून सामान्य असलेले शिसे ७.२ अंशांशीच अतिसंवाहक होते. याचा उलगडा होण्यास १९५७ साल उजाडावे लागले. जॉन बार्डीन, लिऑन कूपर व रॉबर्ट श्रीफर या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखविले, की अतिशय थंडीत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालू लागतात. एक इलेक्ट्रॉन जाताना भोवतालच्या अणूंना किंचित आपल्याकडे ओढतो, आणि त्या ओढीने दुसरा त्याच्यामागून येतो. आठवड्याच्या बाजारात जो तो आपल्या वाटेने जातो म्हणून धक्के बसतात. दिंडीत सारे एका तालावर पावले टाकतात म्हणून कोणी कोणावर आदळत नाही. तसेच काहीसे येथे घडते. तांब्यातील इलेक्ट्रॉन अणूंकडे फारसे लक्षच देत नाहीत. म्हणून एरवी ते सुखाने धावतात, आणि म्हणूनच त्यांच्या जोड्या जमत नाहीत.

आता तुमच्या दप्तरातील शिसपेन्सिलीकडे वळू. नाव शिसपेन्सिल असले, तरी तिच्यात शिसे मुळीच नसते. असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचे एक रूप. वहीच्या पानांप्रमाणे त्यात कार्बनच्या अणूंचे थर एकावर एक रचलेले असतात. थर सहज सरकतात, म्हणून पेन्सिल कागदावर उमटते. ग्रॅफाइटमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन फार थोडे असतात. जोड्या जमावयाच्या कोणाच्या? शास्त्रज्ञांनी वहीच्या पानांत मोरपीस ठेवावे, तसे या थरांमध्ये पोटॅशियमचे अणू बसविले. हे अणू आपले इलेक्ट्रॉन कार्बनच्या थरांना देऊन टाकतात. काळे ग्रॅफाइट सोनेरी दिसू लागते. आणि १९६५ साली असे आढळले, की एका अंशाहूनही कमी तापमानास ते अतिसंवाहक होते. पोटॅशियमच्या जागी कॅल्शियम घातले, तर तीच किमया ११.५ अंशांशी घडते, हे २००५ मध्ये कळून आले. आपल्या हाडांतील आणि चुन्यातील जे कॅल्शियम, तेच हे. सर्वांत नवल मला वाटते ते २०१८ च्या प्रयोगाचे. त्यात कार्बनचे दोनच थर एकमेकांवर सुमारे १.१ अंशाच्या कोनात वळवून ठेवले होते. परका अणू एकही घातला नव्हता. बाहेरून विजेचा दाब देऊन इलेक्ट्रॉनांची संख्या जुळविताच तेही अतिसंवाहक झाले.

हे संशोधन आपल्यापासून दूर आहे असे समजू नका. मुंबईस कुलाब्याच्या समुद्रकाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने ती १९४५ साली स्थापन झाली. तेथे एस. रामकृष्णन व त्यांचे सहकारी यांनी बिस्मथ या धातूचे अत्यंत शुद्ध स्फटिक ०.०००५३ अंशापर्यंत, म्हणजे एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास, थंड केले आणि ते अतिसंवाहक होतात असे सिद्ध केले. २०१६ च्या डिसेंबरात हा शोध प्रसिद्ध झाला. बिस्मथमध्ये सुमारे एक लक्ष अणूंमागे एकच इलेक्ट्रॉन मोकळा असतो. १९५७ च्या उपपत्तीने इतक्या विरळ वस्तीत जोड्या जमण्याचे कारण सांगता येत नाही. कुलाब्याच्या त्या लहानशा स्फटिकाने जगन्मान्य उपपत्तीपुढे असा पेच टाकला आहे.

एवढी थंडी सांभाळण्याचा खर्च मोठा, हीच खरी अडचण. रुग्णालयातील एमआरआय यंत्राच्या चुंबकाला तो परवडतो. त्याच्या अतिसंवाहक तारा बहुधा द्रव हेलियमने थंड ठेवतात. १९८७ साली ९० अंशांच्या वर अतिसंवाहक राहणारा एक पदार्थ सापडला. त्याला ७७ अंशांचा द्रव नायट्रोजन पुरतो, आणि तो हेलियमपेक्षा कितीतरी स्वस्त असतो. अशा जातीच्या पदार्थाची एक किलोमीटर लांबीची तार २०१४ मध्ये जर्मनीतील एसेन शहराच्या वीजपुरवठ्यात जोडण्यात आली. खोपोली ते मुंबई हे अंतर तिच्या सत्तरपट आहे. नेहमीच्या हवेत व नेहमीच्या दाबाखाली, थंड न करता, रोधाविना वीज नेणारा पदार्थ मात्र अद्याप कोणाच्याही हाती लागलेला नाही.