‘मेड इन जपान’: लाइव्ह रॉक ऐकायचं तर इथून

डीप पर्पलनं ऑगस्ट 1972 मध्ये ओसाका आणि टोकियोत तीन कार्यक्रम केले. त्यातून हा डबल अल्बम तयार झाला. रेकॉर्डिंगचा आग्रह जपानी रेकॉर्ड कंपनीचा. बँडला त्यात फारसा रस नव्हता! ध्वनिमुद्रण मार्टिन बर्चचं. नंतर स्टुडिओत काहीही भरलेलं नाही. जे वाजलं, तेच ऐकू येतं.

‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ हेडफोन लावूनच ऐका. मध्यावर रिची ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो आणि इयान गिलन तो गळ्यातून जसाच्या तसा परत करतो. आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखं! तुकडे अवघड होत जातात आणि शेवटी गिलनची किंकाळी थेट अंगावर येते. ‘स्पेस ट्रकिन’’ इथे जवळजवळ वीस मिनिटांचं आहे. त्यात जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन अक्षरशः गुरगुरतो.

माझ्याकडे हा अल्बम मोठ्या भावाच्या कॅसेटमधून आला. बारावीच्या सुट्टीत आम्ही दोघं गच्चीवर टेप लावून बसायचो. ‘चाइल्ड इन टाइम’ सुरू झालं की दादा बोलणं थांबवायचा. मूळ स्टुडिओतली गाणी मी बरीच नंतर ऐकली. खरं सांगतो, ती मला आजही थोडी संथ वाटतात.