दुनिया तीच, फासे नवे

गँडाल्फ नेमका किती मोठा जादूगार होता? मार्च १९७७ मध्ये ‘द ड्रॅगन’ मासिकाच्या पाचव्या अंकात बिल सेलिगमन यांनी हिशोब मांडून उत्तर दिलं : पाचव्या लेव्हलचा. गँडाल्फच्या करामती त्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या रोलप्लेइंग खेळाच्या नियमांत बसवून पाहिल्या आणि त्या जमायला पाचवी लेव्हल पुरते असा निष्कर्ष काढला. त्या खेळात पाचवी लेव्हल म्हणजे नुकताच आगीचा गोळा फेकायला शिकलेला जादूगार!

हिशोब चोख आहे, पण उत्तर चुकलं असं माझं ठाम मत आहे. गँडाल्फ जादू कमी करतो ते येत नाही म्हणून नव्हे. टोल्कीनच्या दुनियेत जादू उधळायची नसतेच. सेलिगमननी एका दुनियेचा माणूस दुसऱ्या दुनियेच्या तराजूत घातला, आणि तेव्हापासून रोलप्लेइंग खेळणाऱ्यांचा एक लाडका उद्योग चालूच आहे : आवडती दुनिया उचलायची आणि नव्या नियमांत नेऊन ठेवायची. बंदिश एकच, पण ग्वाल्हेर घराण्याचा गवई ती एका तऱ्हेने मांडतो आणि किराण्याचा दुसऱ्या. इथेही तसंच. नियम बदलले की त्याच दुनियेचा स्वभाव वेगळा ऐकू येतो.

हॉबिटचं बारसं

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला तेव्हा पुस्तकात सरळ ‘हॉबिट’ हा शब्द छापलेला होता. टोल्कीनच्या हक्कधारकांनी आक्षेप घेतला आणि १९७७ च्या सुमारास नावं बदलली. हॉबिटचा झाला हाफलिंग, एंटचा ट्रीयंट, बॅलरॉगचा बॅलोर. आज लाखो खेळाडू हाफलिंग म्हणतात, त्याचं मूळ त्या आक्षेपात आहे.

अदृश्य कासव

अधिकृत परवाना घेऊन टोल्कीनच्या दुनियेचा, म्हणजे मिडल-अर्थचा खेळ आला १९८४ मध्ये, ‘मिडल-अर्थ रोल प्लेइंग’. चाहते त्याला ‘मर्प’ म्हणतात. काढणाऱ्या कंपनीचं नावच ‘आयर्न क्राउन’, म्हणजे टोल्कीनच्या खलनायकाचा, मॉर्गॉथचा लोखंडी मुकुट! पण नियम होते त्यांच्याच ‘रोलमास्टर’चे, थोडे सोपे करून. शंभरपर्यंतचा आकडा देणारे फासे टाकायचे आणि लांबलचक तक्त्यांत बोट फिरवत आपलं नशीब शोधायचं. या घराण्याच्या तक्त्यांतली सगळ्यांत गाजलेली फजिती म्हणजे लढता लढता एका न दिसणाऱ्या, काल्पनिक, मेलेल्या कासवाला अडखळून पडणं. चाळीस वर्षं झाली, खेळाडू अजून त्या कासवाची आठवण काढतात.

मर्पचे नकाशे आणि गावांची वर्णनं आजही हेवा वाटावा इतकी सखोल आहेत. अडचण एकच. टोल्कीनकडे गँडाल्फच्या पंथाचे पाचच जादूगार, आणि मर्पमध्ये तुमच्या टोळीतला कुणीही ‘मेज’ म्हणजे जादूगार होऊन मंत्रांच्या याद्या शिकू शकतो.

एकच फासा, दोन बाजू

मग २०११ मध्ये फ्रान्चेस्को नेपितेल्लो आणि मार्को माज्जी या इटालियन जोडीने ‘द वन रिंग’ काढला, आणि माझ्या मते गाठ तिथे सुटली. बारा बाजूंच्या फाशावर एकीकडे गँडाल्फचं चिन्ह, एकीकडे सॉरॉनचा डोळा. नायकाने फासा टाकला आणि गँडाल्फ आला, की काम फत्ते. डोळा आला तर त्या फाशाची किंमत शून्य. सॉरॉनच्या चाकरांनी तोच फासा टाकला की अर्थ उलटा, डोळा त्यांना तारतो. एवढ्याशा प्लास्टिकच्या तुकड्यात अख्ख्या कादंबरीचा संघर्ष मावला आहे.

आणखी एक. इथे नायकाजवळ आशेचा साठा असतो आणि छायेचेही गुण साचत जातात. छाया आशेइतकी झाली की नायक खचतो. अंगठीच्या मोहात खचलेल्या बोरोमिरचं काय झालं, ते तलवारीच्या कुठल्याही नियमाने सांगता येत नाही. या दोन आकड्यांनी सांगता येतं. प्रवासालाही मान आहे. वाट दाखवणारा, पुढे जाऊन टेहळणी करणारा, शिकार आणणारा, पहारा ठेवणारा अशी कामं आधी वाटून घ्यायची आणि मगच निघायचं. मूळ कथेत माणसं लढतात त्याहून कितीतरी जास्त चालतात, हे ओळखलेला हा पहिला नियमसंच मला भेटला.

२०१६ मध्ये याच मंडळींच्या मिडल-अर्थची गाठ पुन्हा डी अँड डीशी पडली. ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन मिडल-अर्थ’ हे पुस्तक डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर उभं होतं, पण कात्री कशी चालवली पाहा. सहा क्लास (पात्रांचे पेशे), त्यांत मंत्र टाकणारा एकही नाही. डी अँड डीत रात्रभर झोपलं की जखमा भरतात. इथे प्रवासात ती सोयच काढून टाकली, पुरती विश्रांती हवी तर सुरक्षित आसरा गाठायचा. त्यामुळे दमलेल्या टोळीला रिव्हेंडेलचे, एल्रॉन्डच्या घराचे दिवे दिसले की टेबलावरचे खेळाडू खरोखर सुस्कारा टाकतात. एक नियम वगळला आणि त्या घराची किंमत कळली!

नियम बदलला, देवी गेली

‘फरगॉटन रेल्म्स’ ही एड ग्रीनवुडची दुनिया डी अँड डीपेक्षाही जुनी आहे. कॅनडातल्या या लेखकाने ती पोरवयातच रचायला घेतली होती. तिथे उलटी गंगा वाहते. नियमपुस्तकाची नवी आवृत्ती आली की दुनियेवर संकट कोसळतं. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘असॅसिन’ हा क्लास वगळला गेला, तर कथेत मारेकरी एका झटक्यात मारले गेले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत जादूचे नियम मुळापासून बदलले, म्हणून जादूची देवी मिस्त्रा हिचा खून झाला, निळी आग पसरली आणि दिनदर्शिका जवळपास शंभर वर्षं पुढे ढकलली गेली. चाहते हळहळले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मिस्त्रा परत आली.

हातातले पत्ते म्हणजे जीव

‘ड्रॅगनलान्स’ या दुनियेने १९९६ मध्ये फासेच बाजूला ठेवले. ‘फिफ्थ एज’ या खेळात ८२ पत्त्यांची गड्डी होती. घाव बसला की हातातले पत्ते टाकायचे. पत्ते कमी म्हणजे जीवही कमी आणि मार्गही कमी. जखमी माणसाची अवस्था इतक्या नेमकेपणाने दाखवणारा नियम मी दुसरा पाहिलेला नाही. जुन्या चाहत्यांना मात्र फासे हवे होते.

सात पापं आणि आठवी विद्या

गोलॅरियन या दुनियेतले रूनलॉर्ड्स हे सात प्राचीन जुलमी सम्राट, प्रत्येक जण एका पापाचा आणि जादूच्या एका शाखेचा धनी. २००७ मध्ये ते अवतरले तेव्हा पायझो कंपनी डी अँड डीच्याच नियमांवर लिहीत होती. त्या नियमांत जादूच्या आठ शाखा, आणि पापं तर सात! मग क्रोधाला ऊर्जेची शाखा, खादाडपणाला मृतांची, गर्वाला मायाजालाची अशी वाटणी झाली आणि भविष्यकथनाची शाखा वगळली. पुढे पायझोने स्वतःचा ‘पाथफाइंडर’ काढला, आणि २०२३ च्या सुधारित आवृत्तीत त्या शाखाच गेल्या. सम्राट उरले, पापं उरली, खालचा पाया मात्र नव्याने घालावा लागला. उसन्या नियमांवर दुनिया उभारली, की ते नियम तिच्या इतिहासात किती खोल झिरपतात, ते इथे कळतं.

‘एबेरॉन’ची तर जन्मकथाच अशी. डी अँड डीसाठी नवी दुनिया शोधणाऱ्या २००२ च्या स्पर्धेत सुमारे ११,००० कल्पनांतून कीथ बेकरची निवडली गेली. डी अँड डीत स्वस्तातली जादू इतकी सहज मिळते, तर तिच्यावर रस्त्यातले दिवे आणि आगगाड्या का चालू नयेत, हा तिचा गाभा. नियमांतून उगवलेली ही दुनिया इतर नियमांत रुजवणं म्हणूनच कठीण जातं.

ग्लोरांथा आणि तिची बदकं

सगळ्यांत जास्त घरं बदलली ती माझ्या सगळ्यांत लाडक्या दुनियेने. ग्रेग स्टॅफर्डने १९६६ मध्ये कॉलेजात असताना ग्लोरांथाच्या कथा लिहायला घेतल्या. १९७५ मध्ये ती पटावरचा युद्धखेळ म्हणून आली आणि १९७८ मध्ये ‘रूनक्वेस्ट’ म्हणून. त्याचे मुख्य रचनाकार स्टीव्ह पेरिन यांना चिलखत चढवून लढण्याच्या छंदाचा अनुभव होता, आणि तो नियमांत उतरला. घाव ‘तुम्हाला’ बसत नाही, डाव्या हाताला बसतो आणि हात तुटूही शकतो. क्लास नाहीत. जे कौशल्य वापराल तेच वाढेल. जादू सगळ्यांना येते, कारण प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या दैवताचा भक्त आहे. याच सांगाड्यावर १९८१ मध्ये ‘कॉल ऑफ क्थुलू’ उभा राहिला.

२००० मध्ये रॉबिन लॉझने तीच दुनिया ‘हीरो वॉर्स’मध्ये नेली. पात्र कसं बनवायचं? शंभर शब्दांत त्याची गोष्ट लिहायची. त्यातले महत्त्वाचे शब्द म्हणजेच त्याच्या क्षमता. ‘आईवर जीव आहे’ असं लिहिलंत तर ती माया तलवारीच्याच मापाने मोजली जाते. खरं तर या खेळाला ‘हीरोक्वेस्ट’ हे नाव हवं होतं, पण १९८९ मध्ये एका बोर्डगेमने ते पटकावलं होतं. २००३ मध्ये नाव मिळालं, २०२० मध्ये ते हॅस्ब्रो कंपनीकडे गेलं, आणि आता त्या नियमांना ‘क्वेस्टवर्ल्ड्स’ म्हणतात.

२०१८ मध्ये ‘थर्टीन्थ एज ग्लोरांथा’ आणि नवा ‘रूनक्वेस्ट’ दोन्ही आले. पहिल्यात क्लास परतले, पण ‘फायटर’सारखे कोरडे नव्हेत, मृत्युदेव हुमाक्तचा भक्त हा स्वतंत्र क्लास, वादळाच्या देवाचा आवाज हा दुसरा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टॅफर्ड गेला.

ग्लोरांथात बोलणारी, माणसासारखी बदकं आहेत. कमरेला तलवार, मनात हुमाक्तची भक्ती. १९७८ च्या पुस्तकात ती होती, शंभर शब्दांच्या खेळात होती, २०१८ च्या दोन्ही खेळांत आहेत. तलवार मोजायची पद्धत दर वेळी निराळी, बदक तेच.